ढोलकी वाजवून गाणाऱ्या बंधूचा मायक्रोफोन

शास्त्रपाठ: १ करिंथ, अध्याय १४, वचने ६ ते १९



वरील पाठात प्रेषित पौल वाद्यांचा दाखला घेऊन करिंथ येथील मंडळीस असे शिकवितो की, नाद कितीही मोठा असला तरी ऐकणाऱ्यास त्याचा अर्थ कळला नाही, तर त्याची उन्नती होत नाही. हा दाखला आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस नित्य उपयोगी पडणारा आहे. आपल्या पुष्कळ मंडळ्यांत गीत चालविणारा व ढोलकी वाजविणारा हा एकच बंधू असतो. कोठे कोठे तरुणांनी झांजांसह ड्रमसेटही आणिला आहे. अशा बंधूचे दोन्ही हात गुंतलेले असतात. यास्तव त्यास डोक्यास अडकवावयाचा हेडसेट मायक्रोफोन द्यावा, अशी मागणी होते. तो कसा निवडावा, हा आजचा धडा आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी हंगामाच्या उपकारस्तुतीच्या सणासाठी आमच्या मंडळीने वर्गणी जमविली व निवडीचे काम मजवर सोपविले. मी विचार न करिता दुकानातील सर्वांत चकचकीत बिनतारी संच घेतला. सणाच्या दिवशी पहिल्याच गीतात कर्णा शिट्टी मारू लागला. आवाज कमी केला, तो गीताचे शब्द नाहीसे झाले व ढोलकी तेवढी दणदणत राहिली. उपासना आटोपल्यावर मागे बसलेल्या एक वृद्ध बाई मला म्हणाल्या, "पाळकसाहेब, ढोलकी लई ग्वाड वाजली, पर गानं कंचं हुतं?" त्या बाईंस वाचता येत नाही. गीतातून जे कानी पडते, तेच त्यांचे शास्त्राध्ययन होय. त्या वर्गणीत त्यांच्या अंड्यांचे पैसेही होते. ते उत्तर मला फार दिवस बोचत राहिले. त्यातून जे शिकलो ते येणेप्रमाणे:

१. अंतर. तोंड व मायक्रोफोन यांतील अंतर दुप्पट झाले म्हणजे गाणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ३ सेंटिमीटरचे १२ सेंटिमीटर झाले तर तो १२ डेसिबलने उतरतो. ढोलकीचा आवाज मात्र बहुधा होता तेवढाच राहतो. वाजविणारा मान हालविल्यावाचून राहत नाही, म्हणून उभ्या दांड्यावरील मायक्रोफोन त्यास क्षणात जवळ तर क्षणात दूर होतो. हेडसेट डोक्याबरोबर फिरतो, हाच त्याचा मुख्य गुण. १९७९ साली इंग्लंडातील गायिका केट बुश यांस नाचताना गाता यावे म्हणून कपडे टांगण्याच्या तारेला मायक्रोफोन बसवून तो डोक्यावर दिला होता. ह्यावरून दिसते की, गरज ओळखली म्हणजे साधन साधे असले तरी चालते.

२. दिशा. काही मायक्रोफोन चोहोंकडचा आवाज सारखाच घेतात. माझा तसाच होता. म्हणून ढोलकी व कर्णा दोन्ही त्यात शिरले. दुसरे हृदयाकृती, म्हणजे कार्डिऑइड. ते समोरचा आवाज अधिक घेतात व मागचा फार कमी. ढोलकीवाल्यास हेच घ्यावे. तथापि ह्याने ढोलकी पुरती बंद होईल असे समजू नये. अर्धे काम तोंडाजवळ असण्यानेच होते. कर्णेही गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत.

३. वीज. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन हलका असून शब्द स्पष्ट उचलतो, परंतु त्यास वीज लागते. ती मिक्सरमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर म्हणून, किंवा कमरेच्या बिनतारी डबीतून मिळते. डायनॅमिक जातीस अशी वीज लागत नाही. एकेजीचा सी-५२० व शुअरचा एसएम-३५ हे कंडेन्सर होत. शुअरचा डब्ल्यूएच-२० डायनॅमिक होय. तिन्ही हृदयाकृतीच आहेत. पुष्कळ खेड्यांतील अँप्लिफायरात फँटम पॉवर नसते. सबब दुकानात जाण्यापूर्वी आपला अँप्लिफायर उघड्या डोळ्यांनी पाहावा व त्याच्या पिनेचा प्रकार लिहून न्यावा.

४. तार. ढोलकी वाजविणारा एका जागी बसतो. मग बिनतारी संचाचा खर्च कशास? तार कमरपट्ट्यास वा सदऱ्यास चिमट्याने अडकवून मागून न्यावी, म्हणजे हातांत येत नाही. गीताच्या मध्येच सेल संपण्याची भीतीही राहत नाही.

५. बसविणे. मायक्रोफोन तोंडापुढे नव्हे, तर ओठांच्या कोपऱ्यापाशी एक बोट अंतरावर असावा; नाही तर प, फ, भ ह्या अक्षरांचा श्वास त्यावर आदळून धपधप आवाज होतो. घेण्यापूर्वी बंधूने तो चष्म्यासह लावून, मान हालवून व मांडीवर ठेका धरून पाहावे. घामाने तो बिघडतो. वापरल्यावर पुसून वाळवावा व स्पंजाची टोपी एक जादा ठेवावी.

६. कळ. आवाज बंद करण्याची कळ वाजविणाऱ्याच्या हाताशी असावी. एरवी तो सोबत्यास रागाने जे कुजबुजेल, ते सारा गाव ऐकेल. मिक्सरमध्ये १०० हर्ट्झच्या आसपासचे खालचे सूर कापण्याची सोय असल्यास ती ह्या मायक्रोफोनास लावावी. ढोलकीचा घुमारा कमी शिरतो.

कोणी म्हणेल, आमच्या मंदिरात तीसच माणसे बसतात, आम्हीही हा घ्यावा काय? माझे उत्तर, घेऊ नये. तेथे ढोलकीवरचा हात हलका करावा, म्हणजे फुकटात काम होते. तो पैसा विधवांच्या मदतीस राहू द्यावा. जेथे मंडप उघडा व जमाव मोठा, तेथेच हा खर्च योग्य होय.

आम्ही तो संच तोट्याने विकून साधा तारेचा हृदयाकृती मायक्रोफोन घेतला. मंडळीपुढे उभे राहून मी माझी चूक कबूल केली व तोटा स्वतः भरला. पुढच्या सणास एक नवे गीत झाले. त्या वृद्ध बाई मंडपाबाहेर पडताना त्याचे दुसरे कडवे आपल्याशीच म्हणत होत्या.

उपदेशकांनी मंडळीत विचारावयाचे प्रश्न:

१. आपल्या उपासनेत सर्वांत मागे कोण बसते? गीताचे शब्द त्यास कळतात काय, हे आपण त्यास कधी विचारिले आहे काय?

२. नव्या साधनाची परीक्षा कोणी करावी: वाजविणाऱ्याने, की ज्यास वाचता येत नाही अशा ऐकणाऱ्याने?

३. मंडळीच्या पैशाने चूक झाली असता पुढाऱ्याने काय करावे?