सेक्टर १७ पासून पाच मिनिटं

चंदीगडच का, हे मला आता कुणी विचारू नका. घरून काम करायची मुभा मिळाल्यावर बरोबरीच्या लोकांनी मालवण, आश्वे, वर्कला अशी समुद्रकाठची गावं धरली. मला डोंगर जवळ असलेलं, सपाट रस्त्यांचं शहर हवं होतं आणि ते मिळालं. शहराबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती एका प्रॉपर्टी डीलरबद्दल, एका घरमालकाबद्दल आणि ‘सेक्टर सत्रह से पाँच मिनट, मॅडम’ या वाक्याबद्दल.

हे वाक्य तुम्हाला तिथे प्रत्येक डीलर ऐकवणार, म्हणून आधी सतराचं सांगते. सेक्टर १७ म्हणजे कॉर्बुझिएच्या आराखड्यातलं शहराचं केंद्र. एकसारख्या चारमजली काँक्रीटच्या इमारती, मधे गाड्यांना मज्जाव असलेला मोठा फरसबंद चौक, कारंजं, खाली दुकानं आणि वर कचेऱ्या, बँका. अशा इमारतीला तिथे ‘एससीओ’ म्हणतात. उत्तरेला मध्य मार्ग, एका बाजूला जन मार्ग आणि त्यापलीकडे १६ मधलं रोझ गार्डन, दक्षिणेला बस स्टँड, उद्योग पथ आणि तो ओलांडला की सेक्टर २२. मुद्दा असा, की सतरामध्ये घरं नाहीत. तिथे कुणी राहत नाही. त्यामुळे ‘सतराजवळ’ ही जाहिरात आजूबाजूचा कुठलाही सेक्टर घेऊन करता येते. मला एकाने शेजारच्या मोहालीचं घरसुद्धा ‘सत्रह से सीधी सड़क’ म्हणून दाखवलं. त्या शहरात सगळेच रस्ते सरळ आहेत, हो!

आणि सतरा जवळ असून घरून काम करणाऱ्याला काय मिळतं, तेही ऐका. इंडियन कॉफी हाऊस आहे. कॉफी चांगली, पण दोन-दोन तास लॅपटॉप उघडून बसायची ती जागा नव्हे. सेंट्रल स्टेट लायब्ररी आहे. शांत, स्पर्धा परीक्षावाल्या मुलांनी भरलेली, आणि फोन आला की उठून बाहेर पळायचं. संध्याकाळी चौकात बसायला मस्त वाटतं. पण २०१३ मध्ये इंडस्ट्रियल एरियात मोठा मॉल झाल्यापासून गर्दी तिकडे वळली, आणि कचेऱ्या बंद झाल्यावर सतराचे व्हरांडे लवकर ओस पडतात. माझं काम पुण्याच्या कंपनीचं आणि ग्राहक अमेरिकेतले. रात्री अकराला बाहेर पाऊल टाकायची वेळ आली, तर ‘शहराचं केंद्र’ माझ्या काही उपयोगाचं नव्हतं.

असो. मला घर दाखवलं ते २२ मध्ये. हा सगळ्यात आधी वसलेल्या सेक्टरांपैकी एक. दहा मरल्याची कोठी (कनालमध्ये वीस मरले, दहा मरले म्हणजे अडीचशे चौरस यार्ड), तिचा दुसरा मजला. खाली एक कुटुंब, मधे मालक, वर मी. मी दिवसा घर बघायचं म्हटलं, तर डीलर म्हणाला, आधीचा भाडेकरू कामावर असतो, किल्ली त्याच्याकडे, संध्याकाळीच या. मी त्याच्या ऑफिसात, मालकासमोर, स्पष्ट सांगितलं होतं की मी दिवसभर घरी असेन, काम संगणकावर, रात्री उशिरापर्यंत कॉल. मालक काय म्हणाले, ते मला शब्दशः आठवतं: “बहुत अच्छा जी, घर में रौनक रहेगी.” करारात तसं लिहा म्हटलं, तर डीलरने हात हलवले. म्हणे अकरा महिन्यांचा करार आहे, त्यात काय काय लिहायचं. अर्ध्या महिन्याचं भाडं त्याने दलाली म्हणून घेतलं आणि त्यानंतर माझा फोन उचलला नाही.

पहिले दिवस ठीक गेले. मग दिवसाचं घर दिसायला लागलं. बाजाराच्या रस्त्याकडची बाजू असल्याने अकरापासून आरोळ्या सुरू. करवा चौथच्या आधी तर व्हरांड्यात मेंदीवाले, बांगडीवाले आणि त्यांचे स्पीकर. पाणी सकाळ-संध्याकाळ येतं, पण वरच्या मजल्याला दाब नाही, कारण खालच्यांनी टुल्लू पंप लावलेला. हिवाळ्यात धुकं आणि तीन-चार अंश तापमान. गच्चीवर ऊन, पण गच्ची मालकाची. ब्रॉडबँडवाल्याने मालकाची संमती मागितली, ती मिळायला महिना गेला. का, ते नंतर कळलं. तोवर मी मोबाईलच्या डेटावर कामं उरकत होते आणि कंपनीतले लोक विचारत होते, तू नक्की शहरातच राहतेस ना?

मग तो दिवस. मी एक बरी खुर्ची आणि दुसरा मॉनिटर मागवला होता. कुरिअरवाल्याने खोकी जिन्यात ठेवली. दहा मिनिटांत मालक वर. सोबत त्यांचा चुलतभाऊ, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं. दार उघडताच दोघे थेट टेबलापाशी. यूपीएस, हेडफोन, दोन स्क्रीन, भिंतीवर लावलेला दिवा. मालक काहीच बोलले नाहीत, भाऊच म्हणाला, “मॅडम, आप तो यहाँ दफ्तर चला रहे हो. ये तो मिसयूज है.”

चंदीगडमध्ये ‘मिसयूज’ या शब्दाला भलतंच वजन आहे. तिथे घर कशासाठी वापरायचं, खिडकी कुठे काढायची, सगळ्याला १९५२ च्या कायद्याचं बंधन, आणि नोटीस पाठवायला इस्टेट ऑफिस. राहत्या घरात दुकान किंवा ऑफिस थाटलं, तर मालकाला नोटीस येते, दंड होतो, हे खरं आहे. पण एक बाई स्वतःच्या टेबलावर नोकरी करते, तिच्याकडे ना गिऱ्हाईक येतं ना पाटी आहे, हे ऑफिस कसं? मी हेच विचारलं. मालक जमिनीकडे बघत म्हणाले, “भाई साहब को तकलीफ है.” ‘घर में रौनक रहेगी’ म्हणणारा हाच माणूस! भाई साहेबांची तकलीफ शेवटी रकमेवर आली: भाडं वाढवा, विजेचा दर युनिटमागे वाढवा, नाहीतर महिनाअखेर घर सोडा.

मी तेव्हा गप्प राहिले, कारण आठ मिनिटांत कॉल होता. पण त्या रात्री जिना उतरताना गॅरेजचं अर्धवट उघडं शटर दिसलं, आणि आत छतापर्यंत मोबाईल कव्हरांचे खोके. मालकाच्या भाच्याचं दुकान शेजारच्या बाजारात, माल या राहत्या घराच्या गॅरेजमध्ये. तिथे मला उलगडा झाला. नऊला जाणारा आणि आठला येणारा भाडेकरू यांना हवा असतो, कारण तो काही बघत नाही. दिवसभर घरी असणारी बाई टेम्पो कधी येतो ते बघते, टुल्लू पंप कधी लागतो ते ऐकते. मिसयूज खरोखर चालला होता, तो माझ्या पायाखाली दोन मजले.

दुसरी गोष्ट त्या भावाची. घर दोघांच्या नावावर, निम्मं निम्मं. करारावर सही एकाचीच. चंदीगडच्या जुन्या भागात, म्हणजे सेक्टर १ ते ३० मध्ये, हे फार आढळतं. कोठीचे मजले वेगळे विकण्याला तिथे परवानगी नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याआधी लोकांनी ‘हिस्सा’ विकत घेतला आणि आपसात मजले वाटून घेतले. कागदावर कुठलाच मजला कुणाचा नाही. म्हणून तुम्ही दुसरा मजला भाड्याने घेता तेव्हा, मालकी कितीजणांची आहे आणि सही सगळ्यांची आहे का, हे विचारा. ब्रॉडबँडच्या संमतीला महिना मालकीच्या याच घोळामुळे लागला होता. डीलरला हे माहीत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही.

आता ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी. माझ्या मते सेक्टरचा नंबर हा शेवटचा प्रश्न आहे. आकड्यांचा त्या शहराला नाद असेल (१३ नंबर मूळ आराखड्यात गाळलेला, आणि ४ व ९, ९ व १७, १७ व २२ अशा लागून असलेल्या सेक्टरांची बेरीज १३ च्या पाढ्यात बसते), पण तुम्हाला त्याचा काय उपयोग? प्रत्येक सेक्टर साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटर, प्रत्येकातून बाजाराचा एक रस्ता आडवा जातो. घर त्या रस्त्यावर आहे की आतल्या गल्लीत, हिरव्या पट्ट्याकडे तोंड करून, यावर तुमचा दिवस ठरतो. २२ मध्येच आतल्या बाजूला इतक्या शांत गल्ल्या आहेत की मला नंतर त्यांच्यावरून चालताना राग यायचा.

तरी थोडं सांगते. ८ ते ११ महाग, देखणे, पण संध्याकाळी गेडी (उगाच फेऱ्या) मारणाऱ्या पोरांच्या गाड्या तिथेच घिरट्या घालतात. १५ आणि ११ मध्ये विद्यापीठामुळे पीजींची दाटी. पीजीत राहणार असाल तर ती नोंदणीकृत आहे का, ते बघाच. फेब्रुवारी २०२० मध्ये सेक्टर ३२ मधल्या पीजीला आग लागून तीन मुली गेल्या, आणि मगच तपासण्यांना जोर आला. ३५ मध्ये खाण्यापिण्याची रांग, उशिरापर्यंत जाग. दक्षिणेकडच्या सेक्टरांत हाउसिंग बोर्डाचे फ्लॅट मिळतात. भिंती पातळ, जिना सामाईक, पण स्वतःचं मीटर आणि एक मालक. मी शेवटी तिथेच गेले. फक्त मालकाने बाल्कनी बंद करून खोली काढली असेल, तर बोर्डाची नोटीस आलेली नाही ना, ते विचारून घ्या.

वीज. मालकाचं उपमीटर असेल तर दर आधी लिहून घ्या. हिवाळ्यात हीटर आणि गिझर, मे-जूनमध्ये एसी; वापर वाढला की वरचा टप्पा लागतो आणि तो सगळा तुमच्या माथी मारला जातो. ‘इथे लाईट जातच नाही’ हे खरं असतं, जाते तोवर. फेब्रुवारी २०२२ च्या वीज कर्मचाऱ्यांच्या संपात शहराचे कित्येक भाग एका दिवसाहून जास्त काळ अंधारात होते, हे मला शेजारणीने सांगितलं, मालकाने नाही. इन्व्हर्टर स्वतःचा ठेवा. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्षाच्या वेळी झालेल्या ब्लॅकआउटमध्ये मात्र मालकांनी दार ठोठावून स्क्रीन बंद करायला लावली. तिथे ते बरोबर होते, तेवढं कबूल करते.

पोलीस पडताळणी करून घ्या. भाडेकरूची माहिती देणं घरमालकाला बंधनकारक आहे, आणि तसा आदेश तिथे वेळोवेळी निघत असतो. आमचे मालक म्हणाले, “रहने दो जी, आप तो घर के हो.” मी हट्टाने करून घेतली. पुढे भावाने ‘ही कोण, कधीपासून राहते’ असं सुरू केलं, तेव्हा तोच कागद कामी आला. शक्य असेल तर करारात एक ओळ घाला: भाडेकरू राहत्या जागेत स्वतःचं संगणकीय काम करेल आणि ते निवासी वापरात धरलं जाईल. मालक कुरकुरला तर उठा तिथून.

बाकी नेहमीचंच. नेटवर्क तपासा, शेजाऱ्यांशी बोला, घाई करू नका. सेक्टर १९ मध्ये महाराष्ट्र भवन आहे, गणपतीत तिकडे जा. चार माणसं भेटतात आणि डीलरपेक्षा खरं बोलतात. समुद्रकाठी गेलेल्या मैत्रिणीचा अनुभव ऐकला तर वेगळा नाही: पावसाळ्यात ‘आपलंच घर समजा’ म्हणणाऱ्या मालकाने डिसेंबर जवळ येताच खोली रिकामी करून मागितली, पर्यटक दिवसाला जेवढं देतात तेवढं ती आठवड्याला देत होती म्हणून. निदान त्याने कारण तरी खरं सांगितलं.

माझ्या डिपॉझिटमधून रंगकाम, गिझरची दुरुस्ती आणि ‘भिंतीला पडलेली भोकं’ असे पैसे कापले आहेत. दिव्यासाठी मी दोन खिळे मारले होते, त्याचं मी देईन. गिझर मी राहायला जायच्या आधीपासून गळत होता. शिरले त्या दिवशी काढलेला व्हिडिओ माझ्याकडे आहे आणि तो मी दोन्ही भावांना पाठवला आहे. रंगकामाची पावती मागितली, तर उत्तर आलं, “कारीगर गाँव गया है.” तो परत आला की मी पुन्हा मागणार आहे.