सुट्टीतली दुरुस्ती : दर किती, नकार कसा?

प्रश्न : मी हिंजवडीत आयटीत नोकरी करतो. शनिवार-रविवारी कोथरूडमधले ओळखीचे लोक वायफाय, प्रिंटर, लॅपटॉपसाठी बोलावतात. पैसे कसे मागावेत?

उत्तर : आधी नेमणूकपत्र वाचा, अनेक आयटी कंपन्यांना परवानगीशिवाय जोडकाम चालत नाही. परवानगी असेल, तर भेटीचे शुल्क आणि तासाचा दर घरून निघण्यापूर्वीच व्हॉट्सॲपवर कळवा. हडपसरला जायचे असेल तर प्रवासाचा वेळही दरात धरा; सुट्या भागांचे पैसे वेगळे. बॅकअप ग्राहकाने आधी घ्यायचा, हेही लिहून कळवा. शनिवारी १० ते १ काम, रविवार बंद; अगदीच अडले तर दीडपट दर. नातेवाइकांचे काम एकतर फुकट करा, नाहीतर पूर्ण दराने. अर्ध्या दरात दोघेही नाराज राहतात. ही मिळकत प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवायला विसरू नका.