गळ घरी ठेव, पोराला मात्र आण

अगं, तुझा निरोप रात्री उशिरा ऐकला आणि सकाळी चहा गाळतानाही तोच डोक्यात घोळत होता. लेकाला मासे धरायचं वेड लागलंय, शाळेला सुट्टी लागली की भारतात येताय, आणि 'ताई, नर्मदेत महाशीर मिळतो म्हणे, जुलैत एखादी बोट ठरवून ठेव.' तुझ्या आवाजातली हौस ऐकून 'हो' म्हणायला जीभ वळत होती. पण तू माझी धाकटी आहेस, तुला गोड बोलून फसवणार नाही. जुलैत गळ आणू नकोस. पोराला आण, नक्की आण. गळ नको.

तुझ्याकडचा तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. 2022 चा उन्हाळा, कॅलिफोर्नियातलं हाफ मून बेचं बंदर, भाड्याची बोट, आणि पोराच्या दोन्ही हातांत न मावणारा चंदेरी सॅमन. पहाटे निघालात, कप्तानानंच गळ-काठ्या दिल्या, माशाची लांबी पट्टीनं मोजली, आणि माणशी दोनच मासे हा नियम त्यानं बोट धक्क्यावरून सुटायच्या आधीच सांगितला, असं तू मला तासभर सांगत होतीस. तेव्हा मी विचारलं होतं, 'म्हणजे आपला रावसच ना?' बाजारात रावसाला इंडियन सॅमन म्हणतात म्हणून तसं वाटतं, पण त्या दोघांचं काही नातं नाही. रावस समुद्र-खाडीतला. सॅमनची खरी ओळख म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत उलटा चढत जाणं. त्या चढण्याशी नातं सांगणारा मासा आपल्याकडे शोधायचा तर तो महाशीर. समुद्रात तो जात नाही, पण पावसाचं नवं पाणी आलं की नदीतून वर, लहान उपनद्यांत चढतो. हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या मद्रासकडच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1873 मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. आकाराच्या मानानं महाशीर सॅमनपेक्षा जास्त झुंजतो, असं त्याचं मत होतं. तेव्हा पोराची निवड चुकलेली नाही. वेळ चुकतेय.

इथे मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नद्या-जलाशयांतली मासेमारी बंद असते. इथले लोक त्याला 'बंद ऋतु' म्हणतात. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर जून-जुलैत होड्या ओढून ठेवतात, तसंच. आणि तुमच्या शाळांची सुट्टी अगदी त्याच दोन महिन्यांत. मला त्याचं वाईट वाटतं, कारण इतक्या लांबून येऊन 'हात लावायचा नाही' म्हटलं की पोराचं तोंड उतरणार. पण ही बंदी कुणा बाबूनं कॅलेंडरवर बोट ठेवून ठरवलेली नाही. तिच्यामागचं कारण तुला-मला लहानपणापासून माहीत आहे, फक्त आपण त्याला वलगण म्हणायचो.

आठवतंय ना? पहिला दणदणीत पाऊस झाला की बाबा कंदील घेऊन निघायचे. वहाळाचं गढूळ पाणी शेतात घुसलेलं, आणि त्या पाण्याच्या धारेवर मासे उलटे उड्या मारत बांध चढायचे. रत्नागिरीकडे चढणीचे मासे म्हणतात ते. पाग टाकायचीही गरज नसायची, टोपली धरली की झालं. घरी आई एकेक मासा चिरायची आणि प्रत्येकातून पिवळीधमक गाबोळी. तव्यावर परतलेली ती गाबोळी माझ्याइतकी कुणीच आवडीनं खात नव्हतं. मासे अंडी घालायला चढताहेत आणि आपण त्यांना दारातच गाठतोय, हा विचार तेव्हा घरात कुणाच्याच मनात आला नाही. तेव्हा मासे खूप होते, हेही खरं.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी मी आईलाही सांगितली नव्हती. लग्न होऊन भोपाळला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात ह्यांच्या ओळखीच्या मंडळींबरोबर आम्ही नर्मदेच्या एका उपनदीवर सहलीला गेलो. जुलै होता. बंदी असते हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. माहेरची आठवण येत होती, कुणाच्या तरी हातातली काठी मागून घेतली, कणकेचा गोळा लावला आणि टाकली. थोड्या वेळानं दोरीला असा हिसका बसला की बोट कापलं. मासा वर आला तेव्हा सगळे 'बाडस, बाडस' म्हणून ओरडले. इथे महाशीरला बाडस म्हणतात. रुपयाएवढे मोठे खवले, त्यांवर सोनेरी झाक, जाड ओठ, तोंडाशी मिशांसारखे धागे. मी हरखून गेले. घरी येऊन चिरला तर पोट गाबोळीनं तट्ट भरलेलं. मी ती तळली. पहिला घास तोंडात घातला आणि गिळवेना. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी भोपाळच्या मोठ्या तलावावर एका म्हाताऱ्या मच्छीमाराशी ओळख झाली, त्यांना मी हे सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, 'बिटिया, वो तो मायके जा रही थी.' माहेरी निघालेली बाई वाटेतच अडवली मी. तेव्हापासून जून उजाडला की माझी काठी माळ्यावर जाते.

आणि हे लक्षात घे, महाशीरचं वाटेत मरणं सॅमनच्या मरणाहून वेगळं आहे. तुमच्या पॅसिफिकचा सॅमन एकदा अंडी घातली की मरतो, त्याचा तो शेवटचाच प्रवास. महाशीर मरत नाही. तो परत खाली येतो, पुढच्या वर्षी पुन्हा चढतो, अशी कितीतरी वर्षं. जितकी मादी मोठी, तितकी तिच्या पोटात पुढची नदी जास्त. तरी रोहू-कटल्यापेक्षा तिची अंडी कमीच असतात, आणि ती अंडी कुठेही जगत नाहीत. स्वच्छ, खळखळतं पाणी हवं आणि तळाशी गोटे-खडी हवी.

नर्मदेत आज नेमकं तेच कमी होत चाललंय. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, एकामागून एक धरणं झाली. वाहती नदी ठिकठिकाणी तळं झाली. तळ्यात रोहू-कटला वाढतो, तिथल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते, त्याला मी नाव ठेवत नाही. पण महाशीरला भिंत चढता येत नाही. भिंतींमधल्या पट्ट्यांतून रेती उपसून नेतात ती वेगळीच. नर्मदापुरमच्या रस्त्यावर रात्री रेतीच्या डंपरांची रांग बघितली की माझ्या पोटात खड्डा पडतो. 2011 मध्ये सरकारनं महाशीरला मध्य प्रदेशचा राज्यमासा केलं. बडवाहकडे वन विभागानं त्याची कृत्रिम पैदास करून पिलं वाढवली, हे फार चांगलं काम झालं. पण पिलाला पुढे जगायला नदीच लागते ना गं.

तुला हे परकं वाटायचं कारण नाही. 2023 आणि 2024, सलग दोन वर्षं कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सॅमन धरायला पूर्ण बंदी होती. तूच सांगितलंस, त्या बंदरातल्या बोटी बांधून पडल्या होत्या, कुणी देवमासे दाखवायला माणसं नेऊन दिवस काढत होतं. दुष्काळात नद्या आटल्या, धरणांखालचं पाणी तापलं, अंडी-पिलं वाचली नाहीत, म्हणून. तेव्हा तू पोराला कसं समजावलंस? तेच शब्द इथे वापर.

मग जुलैत काय करायचं, ते ऐक. तो आला की पहिल्या सकाळी त्याला मी मोठ्या तलावावर नेणार. राजा भोजानं अकराव्या शतकात बांधलेलं तळं, म्हटल्यावर त्याचे डोळे विस्फारतील. इंजिनाची बोट मिळणार नाही, ते आधीच सांग. हे पाणी 2002 पासून रामसर पाणथळ आहे, भोपाळ ते पितं, आणि 2023 मध्ये हरित न्यायाधिकरणानं इथल्या क्रूझ नि मोटारबोटी थांबवायला सांगितल्या. वल्ह्याच्या होडीतून गेलं की पाण्याचा आवाज ऐकू येतो, पोराला ते आवडेल. मग एखाद्या पावसाच्या उघडिपीत कोलार नदीकडे जाऊ. त्याला गंमत सांगायची आहे मला: भोपाळच्या एका अंगाचं पाणी कलियासोत नदीतून बेतवात आणि पुढे यमुनेत जातं, तर कोलारचं पाणी नर्मदेत. एकाच शहराच्या दोन बाजूंना पडलेला पाऊस, एक बंगालच्या उपसागराला, एक अरबी समुद्राला. पूर असेल तर मात्र लांबूनच बघायचं, पाण्यात पाय टाकायचा नाही. ते मी त्याला माझ्या पद्धतीनं बजावीन.

आणि परत जाताना मुंबईहूनच विमान आहे ना? मग पावसानं उघडीप दिली तर एक दिवस महाडला काढ. आजीनं आपल्याला वाळणकोंडीला नेलं होतं, काळ नदीचा तो डोह. वरदायिनी देवीचे मासे, कुणी धरत नाही, कुणी खात नाही. तू कुरमुरे टाकलेस आणि पाण्याला एकदम काळ्या पाठीच पाठी फुटल्या, घाबरून आजीच्या पदरात शिरली होतीस. तेही महाशीरच. आपल्या दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय नाव आहे टॉर खुद्री. कर्नल साइक्सनं 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला मासा पाहून त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं ते तिथल्या मराठी बोलीतलंच. आज मुळा-मुठेकडे बघून ते खरं वाटत नाही. पण लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांनी 1970 च्या दशकापासून महाशीरची पिलं वाढवली, तेवढी तरी पुण्याई पुढे चालू आहे.

आता त्याला खरंच गळ टाकायचाच असेल तर नाताळच्या सुट्टीत ये. थंडीत मासा जरा सुस्त असतो, तासन् तास काही लागणार नाही, पण पाणी नितळ असतं आणि पोराच्या अंगी धीर येतो. सुरुवात महाशीरनं करायची नाही. एखाद्या शेततळ्यावर मालकाला विचारून रोहूवर हात बसवू दे. नदीवर जायचं तर आधी मत्स्य विभागाकडे जाऊन कुठे परवानगी आहे ते लेखी घ्यायचं, ती धावपळ मी करीन. जंगलाच्या राखीव हद्दीत, घाटाजवळ, देवाच्या डोहात गळ टाकायचा नाही, मग सोबतचा वाटाड्या काहीही म्हणो.

आणि ही एक गोष्ट त्याला तिकडेच शिकवून आण. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो ना, तो पक्कडीनं दाबून सपाट करायचा. मासा सुटायची भीती वाटते, पण दोरी सैल पडू दिली नाही तर सुटत नाही, आणि काढताना ओठ फाटत नाही. दोरी बारीक घ्यायची नाही. बारीक दोरीवर मासा अर्धा तास खेळवण्यात लोकांना मर्दुमकी वाटते, पण मासा तेवढ्यात इतका थकतो की सोडल्यावर पोहून गेला तरी खाली जाऊन मरतो. हात आधी पाण्यात ओले करायचे, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग धरतो. कल्ल्यांत बोट घालायचं नाही. फोटो काढायचाच तर मासा पाण्यातच ठेवून, आपण श्वास रोखू शकू तेवढ्या वेळात. मग एक हात पोटाखाली, एक शेपटीशी, तोंड धारेकडे करून नुसतं धरून राहायचं. ढकलायचं नाही. कल्ले उघडझाप करू लागतात, शेपटीत जोर येतो, आणि एका क्षणी तो आपल्या हातातून आपणहून निघून जातो. तो जोर तळहाताला कळतो. मी दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पहिल्यांदा असा महाशीर सोडला, आणि घरी येईपर्यंत ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ह्यांना वाटलं, मासा हुकला म्हणून रुसलेय.

तेव्हा तिकिटं जुलैचीच काढ, बदलू नकोस. पोराला खरं कारण सांगून आण, 'ताईमावशी नाही म्हणाली' एवढंच सांगू नकोस. त्याला समजेल. माळ्यावरचा कंदील मी उतरवून पुसून ठेवते, बाबांचाच आहे तो. तुम्ही आल्यावरच्या पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री आपण तिघं एखाद्या ओढ्यावर जाऊ आणि टोपली न धरता नुसते मासे चढताना बघू. त्याच्या पायाचं माप तेवढं कळव. पावसाळी बूट घेऊन ठेवते, जून लागला की लहान मापाचे इथे मिळत नाहीत.