हलकं फ्लायव्हील आणि क्लच: गॅरेजवाल्यांनो, 'हो' म्हणण्याआधी हा हिशोब करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गॅरेजच्या धंद्यात जास्त पैसे देणारी कामं कोणती ते पाहिलं. त्यात हलकं फ्लायव्हील बसवण्याचा विषय ओझरता आला होता. व्हिडिओत आकडेमोड करायला वेळ नव्हता, म्हणून ती इथे सविस्तर देतो. वही-पेन घेऊन बसा.

हे काम दिसायला सोपं आहे. तरुण गिऱ्हाईक येतं, "भाऊ, पिकअप पाहिजे" म्हणतं आणि रोख पैसे द्यायला तयार असतं. पण योग्य गाडीला केलं तर हे काम तुमचं नाव करतं, आणि चुकीच्या गाडीला केलं तर तेच गिऱ्हाईक महिन्याभरात भांडायला येतं. गिअरबॉक्स परत उतरवायचा म्हणजे दोन माणसांचा दिवस फुकट. म्हणून आजचा धडा एकच: पार्ट विकू नका, गिऱ्हाईकाच्या वापराला बसेल तो सल्ला विका.

१. फ्लायव्हील करतं काय?

फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या टोकाला बोल्टनं बसवलेली जड चकती. तिची कामं तीन. दोन स्फोटांच्या मधल्या वेळेत इंजिन फिरतं ठेवणं, स्टार्टरला दात देणं आणि क्लच प्लेटला घासायला जागा देणं. चकती जड असेल तर इंजिन गुळगुळीत चालतं आणि क्लच सोडताना गाडी पटकन बंद पडत नाही. हलकी असेल तर ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम झटकन चढतो आणि सोडला की तितक्याच झटकन उतरतो.

लक्षात घ्या, यानं इंजिनची ताकद वाढत नाही आणि टॉप स्पीडही वाढत नाही. इंजिनची जी ताकद स्वतःची चकती फिरवण्यात जात होती, त्यातली थोडी वाचते, एवढंच. गिऱ्हाईकाला "बीएचपी वाढेल" असं चुकूनही सांगू नका.

२. फरक नेमका किती? एक गणित

समजा तुम्ही फ्लायव्हीलचं २ किलो वजन कमी केलं, तेही केंद्रापासून ११ सेंमी अंतरावरचं. टायरची त्रिज्या २८ सेंमी धरा. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचे १४ फेरे झाले की चाकाचा १ फेरा होतो असं समजा.

१४ × ११ ÷ २८ = ५.५
५.५ × ५.५ = ३०.२५
३०.२५ × २ किलो = साधारण ६० किलो

म्हणजे पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडीतून एक माणूस उतरल्यासारखं वाटेल. आता पाचवा गिअर घ्या. तिथे इंजिनचे ३ फेरे आणि चाकाचा १ फेरा. हेच गणित केलं तर उत्तर येतं जेमतेम ३ किलो.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, फायदा खालच्या गिअरमध्ये आहे. एक्सप्रेस-वेवर पाचव्या गिअरमध्ये गाडी पळवणाऱ्याला काहीच जाणवणार नाही. दुसरी, वजन कडेचं कमी झालं तर उपयोग जास्त, मधलं कमी झालं तर फार कमी. त्यामुळे "किती किलो कमी?" एवढंच विचारू नका, "कुठून कमी?" हेही विचारा.

३. कोणाला 'हो' आणि कोणाला 'नाही'?

*हो म्हणा:* ऑटोक्रॉस, ट्रॅक किंवा रॅलीत उतरणाऱ्या हलक्या पेट्रोल गाडीला. आपल्याकडे रॅलीत जिप्सी, एस्टीम वर्षानुवर्षं पळाल्या. तिथे ड्रायव्हर सतत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असतो. हौशी गिऱ्हाईक, ज्याच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, तेही चालेल.

*नाही म्हणा:*
- भाड्याची किंवा कायम भरलेली गाडी. पाच माणसं आणि सामान घेऊन घाटात चढावर थांबल्यावर पुन्हा उचलताना जड फ्लायव्हीलच कामाला येतं. हलक्यावर हाफ क्लच जास्त द्यावा लागतो आणि प्लेट लवकर जळते.
- ज्या गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील आहे, विशेषतः डिझेल. त्यात धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा असतात. ते काढून साधी हलकी चकती लावली की गिअरबॉक्स खडखडतो आणि त्याच्यावर ताण येतो.
- एकच गाडी घरातले सगळे चालवतात अशी. नवशिक्याची गाडी सिग्नलला बंद पडणार, एसी चालू झाला की आयडलिंग डगमगणार आणि तक्रार तुमच्याकडे येणार.

४. लेथवरचा शॉर्टकट नको

गावोगावी चांगले लेथवाले आहेत. कोल्हापूरकडे तर फाउंड्री आणि मशीनशॉपची मोठी परंपरा आहे. त्यामुळे मोह होतो, "मूळचंच फ्लायव्हील घासून हलकं करू, हजार रुपयांत काम!"

मूळ फ्लायव्हील बहुतेक वेळा ओतीव लोखंडाचं असतं. ओतीव लोखंड दाब सहन करतं, ताण सहन करत नाही. आणि फिरताना बाहेर खेचणारं बल आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतं. ३००० वरून ६००० झालं की बल दुप्पट नाही, चौपट होतं. वाटेल तिथून पातळ केलेली चकती तडकली तर तुकडे घंटी फोडून बाहेर येऊ शकतात, आणि ड्रायव्हरचे पाय तिथून फार लांब नसतात. अखंड स्टीलमधून कापलेलं किंवा फोर्ज्ड फ्लायव्हीलच घ्या. ॲल्युमिनियमचं असेल तर घासण्याच्या जागी स्टीलची चकती बसवलेली असावी. स्पर्धेच्या गाडीसाठी एसएफआय १.१ प्रमाणित माल मागा.

५. गिअरबॉक्स एकदाच उतरवा

क्लच बदलायचा असतो तेव्हाच हे काम सुचवा. मजुरी तीच, पार्ट वाढतात. उतरवलं की हे सगळं त्याच वेळी करून टाका:

१. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग पूर्ण सेट नवा. पायलट बेअरिंग असेल तर तेही.
२. क्रँकचं मागचं ऑइल सील. तेल गळून नव्या प्लेटवर गेलं तर सगळं काम वाया.
३. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, आणि टॉर्क रेंचनं कंपनीच्या आकड्यानुसार. अंदाजानं नाही.
४. बॅलन्सिंग. काही इंजिनांत फ्लायव्हील क्रँकसोबत बॅलन्स केलेलं असतं. तिथे जुन्याशी जुळवूनच नवं बॅलन्स करा.
५. काही गाड्यांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलचे दात वाचतो. नव्यावर तीच रचना आहे ना, हे खरेदीआधी पाहा. नाहीतर गाडी स्टार्टच होणार नाही.

क्लच निवडताना रोजच्या गाडीला ऑरगॅनिक प्लेटच द्या. सिरॅमिक प्लेट जोरात धरते, पण ट्रॅफिकमध्ये झटके देते. फार कडक प्रेशर प्लेट लावली तर पेडल जड होतं आणि तासाभराच्या जॅममध्ये गिऱ्हाईक तुमच्या नावानं खडे फोडतं.

६. आता पैशाचं बोलू

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे स्वतःचे घाला.

समजा गॅरेजचा महिन्याचा खर्च (भाडं, पगार, वीज, हत्यारं) ९०,००० रुपये. दोन माणसं × २५ दिवस × ८ तास = ४०० तास. त्यातले खरोखर बिल होणारे ६० टक्के धरा, म्हणजे २४० तास. तुमचा एक तास पडला ३७५ रुपयांना.

- फ्लायव्हील: १८,०००
- क्लच सेट: ९,०००
- बोल्ट, सील, गिअर ऑइल: २,५००
- बॅलन्सिंग आणि ने-आण: १,५००
- मजुरी, दोघांचे ९ तास म्हणजे १८ × ३७५: ६,७५०
- परत येणाऱ्या कामाची तरतूद, दहात एक: ६७५

एकूण ३८,४२५ रुपये. यावर १५ टक्के नफा धरला तर कोटेशन जातं साधारण ४४,२०० चं. आता नेहमीच्या सवयीनं "पार्टचे ३१,००० आणि लेबर ४,०००" असं ३५,००० बोललात, तर घरातून ३,४२५ रुपये गेले. शिवाय तुम्हाला ते कळलंही नाही, कारण गल्ल्यात रोख दिसत होती!

पार्टची रक्कम पूर्ण ॲडव्हान्स घ्या. खास मागवलेलं फ्लायव्हील पडून राहिलं तर दुसऱ्या गाडीला बसत नाही.

७. लेखी द्या, लेखी घ्या

एका कागदावर चार ओळी लिहून सही घ्या: गाडीचा वापर काय, आयडलिंग आणि आवाजात फरक पडेल, कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, विमा कंपनीला बदल कळवायची जबाबदारी मालकाची. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, ते एकदा वाचून ठेवा. फ्लायव्हीलचं वजन आरसीवर नसतं, पण त्याच गाडीत गिऱ्हाईक पुढे अजून काय काय करायला सांगेल, त्यासाठी ही मर्यादा माहीत हवी.

गाडी देताना क्लच बसवून घ्यायचं अंतरही सांगा. क्लच कंपनीच्या कागदावर ते दिलेलं असतं, बऱ्याचदा ५०० ते ८०० किमी. तोवर जोरात लाँच नाही. मग एकदा बोलावून फुकट तपासा. तिथे तक्रार निघाली तर ती तुमच्याच दारात निघते, चौकात नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

आपल्या गॅरेजचा एका तासाचा खरा खर्च काढा. मग मागच्या तीन क्लचच्या कामांची बिलं समोर घ्या आणि कशात कमावलं, कशात गमावलं ते लिहा. गॅरेज अजून सुरू केलं नसेल तर जिथे काम शिकताय तिथले तास मोजा. आकडा कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातले काही आकडे घेऊन कोटेशन कसं लिहायचं ते पाहू.

"हे तुमच्या गाडीला नको" असं सांगून परत पाठवलेलं गिऱ्हाईक सर्व्हिसिंगला तुमच्याकडेच येतं. धंदा त्याच्यावर उभा राहतो. भेटू पुढच्या भागात.