या महिन्याचा पाठ : स्टेशनजवळ मुक्काम करताना



गेल्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत मी प्रदर्शनासाठी नावं लिहून घेत होते. नऊ जणींनी हात वर केला. मग मी सांगितलं, दोन रात्री पुणे स्टेशनजवळ लॉजवर मुक्काम आहे. लगेच पाच हात खाली आले. एक ताई म्हणाल्या, "माल न्यायला माझी ना नाही. पण लॉज म्हटलं की घरी काय सांगायचं?"

म्हणून आजचा पाठ मुक्कामाचा. मुक्कामाच्या भीतीने आपण बाजार सोडला, तर नुकसान आपलंच.

मुक्काम का लागतो?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. लांबची गाडी धरायची तर आधी एसटीने वाकडेवाडी आणि तिथून पुणे स्टेशन. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरायची असेल, तर आदल्या दिवशीच यावं लागतं. ससून हॉस्पिटल, कलेक्टर ऑफिस आणि जिल्हा परिषद हीसुद्धा स्टेशनच्याच भागात आहेत. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्यामुळे प्रवास स्वस्त पडतो. खरा खर्च होतो तो मुक्कामावर, आणि तो आधी ठरवला तरच हातात राहतो.

आमची झालेली फजिती

एकदा मी आणि दोन ताई सोलापूरहून प्रदर्शन करून परतत होतो. गाडी उशिरा आली. रात्रीचे साडेदहा, हातात उरलेल्या तांदळाची आणि नाचणीच्या पापडांची दोन पोती. स्टेशनसमोरच्या एका लॉजमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने आधार पाहिलं आणि म्हणाला, "लोकल आयडी चालत नाही." आम्ही नव्वद किलोमीटरवर राहतो, पण आधारवर जिल्हा पुणे! दुसऱ्या लॉजमध्येही तेच. तिसरीकडे खोली मिळाली, पण १,५०० ची तयारी असताना २,६०० मोजावे लागले. तीन दिवसांच्या नफ्यातला मोठा घास तिथेच गेला.

नंतर नीट माहिती घेतली. पुणे जिल्ह्याच्या पत्त्यावर खोली देऊ नये, किंवा एकट्या बाईला देऊ नये, असा कायदा नाही. काही लॉजवाल्यांनी स्वतःच पाडलेली ती रीत आहे. पण रात्री साडेदहाला पोती घेऊन भांडत बसण्यापेक्षा दोन दिवस आधी फोन केलेला बरा. चूक आमची होती, ती ही.

फोनवर विचारायचे पाच प्रश्न

१. "आम्ही तीन बायका आहोत, आधारवर पुणे जिल्ह्याचा पत्ता आहे. चालेल ना?" हा प्रश्न सगळ्यात आधी.

२. "भाडं किती, आणि जीएसटी धरून किती?" २२ सप्टेंबर २०२५ पासून, खोलीचं रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर ५ टक्के जीएसटी आहे. आधी तो १२ टक्के होता. कुणी अजून १२ टक्के सांगितला, तर थांबून विचारा.

३. "तिसरीसाठी गादीचे वेगळे पैसे किती?"

४. "चेक-आउट दुपारी १२ चं की २४ तासांचं?" हा प्रश्न फार महत्त्वाचा. १२ चं असेल आणि तुम्ही पहाटे ५ ला खोली घेतली, तर काही ठिकाणी त्याच दुपारी एक दिवस संपतो. २४ तासांचं असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ५ पर्यंत खोली तुमची.

५. "पक्कं बिल मिळेल ना?"

उत्तर देणाऱ्याचं नाव आणि सांगितलेला दर वहीत लिहा. जमलं तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

हिशोब करून पाहू

उदाहरणासाठी भाडं १,६०० धरा, जादा गादीचे ४००. झाले २,०००. त्यावर ५ टक्के म्हणजे १००. एकूण २,१००. तिघींत वाटले तर माणशी ७०० रुपये. हा आकडा घर सोडायच्या आधी माहीत असेल, तर मालाची किंमतसुद्धा त्या हिशोबाने लावता येते.

बिल गटाच्या नावाने घ्या, म्हणजे लेखनिका ताईंना नोंद करता येते. बिलावर पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर आहे का, ते बघा. नंबर नसेल तर जीएसटी म्हणून पैसे मागता येत नाहीत. तक्रार करायची झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

पुढे रेल्वेने जायचं असेल, तर आणखी एक सोय आहे. तिकीट कन्फर्म असेल तर स्टेशनवरच्याच रिटायरिंग रूमसाठी बुकिंग करता येतं. पण जागा मोजक्या असतात, म्हणून लवकर बघायचं.

खोलीवर गेल्यावर

पैसे भरण्याआधी खोली बघायला मागा. त्यात लाजू नका, सगळेच बघतात. आतली कडी नीट बसते का, खिडकी लागते का, नळाला पाणी आहे का, जिना कुठे आहे, एवढं बघा.

आधारची झेरॉक्स देताना त्यावर लॉजचं नाव, तारीख आणि "फक्त मुक्कामासाठी" असं आडवं लिहून सही करा. फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधारही काढता येतं. ते चालेल का, हे फोनवरच विचारून ठेवा.

खोली नंबर काउंटरवर मोठ्याने बोलू नका. दार वाजलं तर आधी कोण ते विचारा, खात्री नसेल तर काउंटरला फोन करा. विक्रीची रोकड एकीच्याच पिशवीत ठेवू नका. अडचण आली तर ११२ लावा.

आणि घरी काय सांगायचं?

सगळं सांगायचं. लॉजचं नाव, पत्ता, फोन नंबर, सोबत कोण आहे आणि परत कधी येणार, हे कागदावर लिहून सासूबाईंच्या किंवा मालकांच्या हातात द्या. एक प्रत ग्रामसंघाच्या अध्यक्षांकडे. घरच्यांना काळजी असते ती ठावठिकाणा माहीत नसल्याची. त्या बैठकीतल्या ताईंनी हेच केलं. त्यांच्या सासूबाईंनी स्वतः लॉजवर फोन लावला, काउंटरवरच्या बाईंशी बोलल्या, आणि म्हणाल्या, "जा, पण पोचल्यावर फोन कर." ताई गेल्या. त्यांचे हातसडीचे तांदूळ दुसऱ्याच दिवशी संपले.

बैठकीत करायचं काम

दोघीजणी उभ्या राहा. एक मॅनेजर, एक आपली ताई. वरचे पाच प्रश्न फोनवर विचारल्यासारखे विचारा. मॅनेजरने मुद्दाम "लोकल आयडी चालत नाही" म्हणायचं. ताईने काय उत्तर द्यायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवा. मग जोड्या बदला, म्हणजे प्रत्येकीला एकदा तरी बोलता येईल.

तुमच्या गटाने कुठे मुक्काम केला असेल, तर दर आणि अनुभव लिहून पाठवा. आपल्या बायकांना चालतील अशा जागांची यादी आपणच करू, म्हणजे पुढच्या ताईला रात्री साडेदहाला दारोदार फिरावं लागणार नाही.