पीएचडी घरच्या पैशावर नको! संशोधनासाठी निधी मिळवायचा कसा?

‘एम.एस्सी. झाली, आता पीएचडी म्हणतोय. म्हणजे आणखी पाच वर्षं आम्हीच पैसे पाठवायचे का?’ निकाल लागले की बीड, जालना, परभणीकडचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. त्यात चूक काहीच नाही. विद्यापीठाजवळच्या बेगमपुऱ्यातल्या खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं, प्रवास हा खर्च कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पैशातून वर्षानुवर्षं काढणं सोपं नसतं.

पण पूर्णवेळ संशोधन करणाऱ्याला दरमहा पैसे मिळण्याची सोय आपल्याकडे आहे. ती नशिबावर किंवा ओळखीवर चालते, हा समज मात्र सोडायला हवा. ज्याचा प्रश्न नेमका आणि कागद वेळेत तयार, त्याचीच फाइल पुढे सरकते. हे दोन्ही अगदी सामान्य घरातल्या मुलालाही जमण्यासारखं आहे.

ज्यांच्या नावाचं विद्यापीठ, त्यांचंच उदाहरण

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं आणि १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. खुद्द बाबासाहेबांचं संशोधन शिष्यवृत्तीवर उभं राहिलं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. त्यासाठी परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे कोलंबियानंतर सुरू केलेलं लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. मिळवली.

या इतिहासात आजच्या संशोधकाला लागणारे तिन्ही धडे आहेत. अटी वाचून सही करा, मुदत संपण्याआधी पुढची सोय बघा आणि एकाच दारावर विसंबून राहू नका.

फेलोशिप वेगळी, प्रकल्प अनुदान वेगळं

पालकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. फेलोशिप विद्यार्थ्याला मिळते. ती त्याच्या खात्यावर येते आणि तिच्यावर त्याचं घर चालतं. प्रकल्प अनुदान संस्थेच्या नावे येतं. त्याचा मुख्य संशोधक साधारणपणे कायम नोकरीतला प्राध्यापक असतो आणि त्यातून उपकरणं, रसायनं, क्षेत्रभेटी, मनुष्यबळ यांचा खर्च होतो. पीएचडीच्या विद्यार्थ्याने आधी फेलोशिपच्या मागे लागावं. ती नसेल, तर ज्या मार्गदर्शकाकडे चालू प्रकल्प आहे, त्याच्याकडे प्रकल्प सहायकाची जागा निघते का हे पाहावं. विभागाच्या सूचना फलकावर या जाहिराती लागतात आणि बहुतेक जण त्या न वाचताच पुढे जातात.

कोणतं दार कधी ठोठावायचं?

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप. ही परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. विज्ञान शाखेसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, बाकी विषयांसाठी यूजीसी नेट. २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये आहे. त्याशिवाय वार्षिक आकस्मिक खर्च आणि वसतिगृह न मिळाल्यास नियमानुसार घरभाडे भत्ता. एकूण मुदत कमाल पाच वर्षं. विज्ञान शाखेतून विद्यापीठात पहिल्या आलेल्यांनी केंद्राच्या इन्स्पायर फेलोशिपचीही चौकशी करावी.

राज्याच्या संस्थांमध्ये अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती आहे. इथे क्रम नीट लक्षात घ्या. जेआरएफ हातात घेऊन पीएचडीला प्रवेश घेता येतो. या संस्थांची फेलोशिप मात्र पीएचडीची नोंदणी झालेल्यांसाठी असते. म्हणजे नोंदणी आधी, अर्ज नंतर, आणि जागा मर्यादित. मधले महिने घरच्या पैशावर काढावे लागतात. मंजूर रक्कमही वेळेवर येईलच असं नाही. त्यासाठी विद्यार्थ्यांनी अनेकदा आंदोलनं केली आहेत. म्हणून किमान सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज करूनच नोंदणी करावी.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली आहे. जुन्या माहितीवर विसंबून तिची वाट पाहत बसू नये. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांनी आयसीएसएसआरच्या, तर इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आयसीएचआरच्या जाहिरातींवर नजर ठेवावी.

तयारी बारावीपासून

पाया लवकर घालता येतो. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान निवडणाऱ्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत जाते. पदवीच्या वर्षांत देशातल्या विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज करावा. राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा २००६ पासून चालू आहे आणि तिच्यात पदवीचे विद्यार्थीही भाग घेतात. पाच मिनिटांत आपलं काम परक्या परीक्षकाला समजावून सांगायची सवय तिथेच लागते. पुढे मुलाखतीत हीच सवय कामी येते.

चांगला प्रस्ताव दिसतो कसा?

‘मराठवाड्यातील भूजलाचा अभ्यास’ हे शीर्षक घ्या. परीक्षक इथेच थांबतो, कारण यात प्रश्नच नाही. आता हे पाहा: ‘पैठण तालुक्यातील निवडक बारा गावांत बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर किती बदलते?’ जागा ठरली, काळ ठरला, मोजायचं काय तेही ठरलं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही भारतीय मानकाची मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्यामुळे निष्कर्ष कशाशी ताडायचा हेही स्पष्ट झालं.

अंदाजपत्रकही याच प्रश्नातून निघतं. बारा गावं, प्रत्येकी पाच बोअर, वर्षातून दोन वेळा, दोन वर्षं: नमुने झाले २४०. रसायनं, बाटल्या आणि गाडीखर्च या २४० वर बसवायचा. ‘रसायने: २ लाख’ अशी मोघम ओळ लिहिली की कात्री ठरलेली. तेच उपकरण विद्यापीठात असताना नवं मागितलं तरी प्रश्न विचारला जातो. देशभरातली संशोधन उपकरणं शोधून वापरता यावीत म्हणून केंद्राचं आय-स्टेम पोर्टल आहे. आधी तिथे बघावं.

विषय पक्का करण्याआधी पीएचडी प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ संकेतस्थळावर जाऊन तो कुणी केला आहे का ते तपासा. हिमरू विणकाम, ऊसतोड कामगारांचं स्थलांतर, कापसावरची गुलाबी बोंडअळी, जायकवाडीवरचे पक्षी असे कितीतरी विषय आपल्या अंगणात आहेत. दिल्लीतल्या परीक्षकाला मराठवाड्यातला माणूस जे सांगू शकतो, ते इंटरनेटवरून उचललेल्या भव्य विषयात नसतं.

नवे प्राध्यापक झालात तर

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं आणि जुनं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) त्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे आणि त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. नव्याने रुजू झालेल्या अध्यापकांसाठी त्याची स्वतंत्र योजना आहे. पहिल्याच वर्षी मोठ्या रकमेमागे धावण्यापेक्षा विद्यापीठाच्या छोट्या निधीतून प्राथमिक निष्कर्ष काढावेत आणि त्यांच्या आधारे मोठा प्रस्ताव लिहावा. अनुदान मिळाल्यावर खरेदी नियमानुसार, हिशेब ठरलेल्या शीर्षाखाली आणि उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत, ही शिस्त पाळली नाही तर पुढचा हप्ता अडकतो.

कागदांची फाइल

अर्ज बाद होतात ते बहुतेकदा कागदांपायी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेअर, अधिवास दाखला, गुणपत्रिका, पीएचडी नोंदणीचं पत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं हे सगळं आधीच तयार हवं. शेवटच्या तारखेला सेतू केंद्रात रांग असते आणि पोर्टल बंद पडतं. संस्थाप्रमुखांची सही लागणार असेल तर किमान पंधरा दिवस आधी फाइल पुढे पाठवा. ‘फेलोशिप मंजूर करून देतो’ किंवा ‘प्रस्ताव लिहून देतो’ म्हणणाऱ्या दलालांना दारातूनच परत पाठवा.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी ‘पीएचडी करायची’ म्हणाली की लगेच नाही म्हणू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. आधी दोन गोष्टी विचारा: तुझा प्रश्न एका वाक्यात सांग, आणि पुढच्या वर्षभरात कुठे कुठे अर्ज करणार त्यांची यादी दाखव. दोन्हींची उत्तरं मिळाली, तर निर्धास्तपणे पाठीशी उभे राहा. नाही मिळाली, तर सहा महिने तयारीला द्या आणि नोंदणीचं नंतर बघा.