बालकांचा व्यायाम : इष्ट आणि अर्धशक्तीपर्यंत

खेळात मागे पडणाऱ्या बालकासाठी मोशीसारख्या वाढत्या वसाहतींतील पालक बहुधा ‘ताकदीचे औषध’ मागतात. अवलेह देण्यापूर्वी वैद्याने पांडू, श्वास, दृष्टिदोष व संधिशूल यांचा विचार करावा. औषध विक्रेत्यांनीही अशा बालकास आधी तपासणीस पाठवावे. व्याधी नसल्यास उपाय क्रीडेतच आहे.

वाग्भटाने बालकास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. हा निषेध अतिश्रमाचा आहे, खेळाचा नव्हे, असे आम्ही मानतो. चरकोक्त व्याख्येतील ‘या चेष्टा’ या पदांची फोड ‘या च इष्टा’ अशी होते. म्हणजे व्यायाम मनास रुचणारा हवा. स्पर्धेला भिणाऱ्या बालकास लगोरी, लंगडी, दोरीवरच्या उड्या, सायकल वा लेझीम यांतून स्वतः निवडू द्यावे. तुलना व गुणांकन टाळावे. हिणवलेले मूल हालचालच सोडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षे वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल सुचविली. आरंभ १० मिनिटांनी करून ती क्रमाने वाढवावी. कपाळी घाम व मुखाने श्वास ही अर्धशक्तीची लक्षणे दिसताच विश्रांती द्यावी. उद्या पुन्हा खेळावेसे वाटणे, हीच योग्य मात्रेची खूण होय.